उजनीचा काठ नेमका कुठे?

मे महिन्यात सोलापुरात दोन माणसे भेटली की आधी उन्हाचा विषय निघतो, मग लग्नसराईचा आणि मग 'उजनी किती?' उत्तर बऱ्याचदा 'मायनस'मध्ये येते. २०२४च्या उन्हाळ्यात धरण मायनस ५० टक्क्यांच्याही खाली गेले होते. बाहेरगावच्या पाहुण्याला प्रश्न पडतो, धरणात पाणी असेल किंवा नसेल, पण ते उणे कसे असेल?

हिशेब सरळ आहे. उजनीत पूर्ण भरल्यावर सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यातले ६३.६६ टीएमसी मृतसाठ्याचे, म्हणजे तळाशी राखून ठेवलेले. वरचे ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा. रोजची टक्केवारी फक्त या वरच्या साठ्याची असते. तो संपला की शून्य, आणि मृतसाठ्याला हात लागला की मायनस सुरू. मायनस ५० टक्के म्हटले तरी धरणात ३७ टीएमसीच्या आसपास पाणी उरलेले असते.

हे गणित सोलापूरकरांना पाठ आहे. त्याच धरणाबद्दलचा दुसरा एक प्रश्न मात्र भल्याभल्यांना अडवतो: उजनीचा काठ कुठे आहे? धरणावरचा अभियंता ४९६.८३ मीटर ही पूर्ण संचय पातळी सांगेल. करमाळ्याकडचा मच्छीमार आज होडी जिथे ओढून ठेवली ती जागा दाखवेल. पाणी ओसरलेल्या जमिनीत गाळपेर करणारा शेतकरी आपल्या हरभऱ्याच्या शेवटच्या ओळीकडे बोट करेल. तिघेही बरोबर आहेत. पण पाणथळ जागांचा नकाशा करणाऱ्याला कागदावर एकच रेघ ओढायची असते. ती कशी ओढतात, कुठे फसते आणि पुन्हा पुन्हा का ओढावी लागते, हे समजून घेण्यासाठी उजनीइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

सहा मीटरांचा खेळ

उजनीचा शून्य टक्के म्हणजे ४९१.०३ मीटर पातळी आणि शंभर टक्के म्हणजे ४९६.८३ मीटर. फरक सहा मीटरांपेक्षाही कमी, साधारण दुमजली घराच्या उंचीएवढा. एवढ्याशा उंचीत ५३.५७ टीएमसी पाणी मावते, याचा अर्थ ते प्रचंड पसरलेले आहे. भागाकार केला तर या थराचा सरासरी पसारा अडीचशे चौरस किलोमीटरांहून जास्त भरतो.

घागरीतले तांब्याभर पाणी काढले तर पातळी उतरते, पण पाण्याचे तोंड होते तेवढेच राहते. परातीतले तेवढेच पाणी काढले तर कडेचा तळ उघडा पडतो. उजनीचा वरचा भाग परातीच्या जातीचा आहे. भीमेचे खोरे इथे उथळ आणि रुंद आहे. त्यामुळे पातळी हातभर उतरली तरी काही ठिकाणी पाणी कित्येक मीटर मागे जाते आणि ओला गाळ उघडा पडतो. त्या गाळात किडे, शंख-शिंपले, शेवाळ असते. रोहित पक्षी हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावपासून करमाळ्याच्या काठापर्यंत उतरतात ते या उथळ पाण्यासाठी. खोल पाण्याचा त्यांना फारसा उपयोग नाही. गाळपेरीसाठी शेतकऱ्याला हवी असते तीही हीच पट्टी.

थोडक्यात, पाणथळीचा सगळ्यात जिवंत भाग तिच्या मध्यावर नसून सरकत्या कडेला असतो. नकाशात चुकण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते तीही याच कडेवर.

उपग्रहाला पाणी कसे कळते?

देशभरातल्या पाणथळी पायी फिरून मोजणे अशक्य आहे. म्हणून हे काम अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राकडे, म्हणजे इस्रोच्या एका संस्थेकडे आले. उपग्रहाचा कॅमेरा आपल्या डोळ्यांना दिसणारे रंग टिपतोच, शिवाय तांबड्या रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही टिपतो. त्याला अवरक्त प्रकाश म्हणतात. नकाशा करणाऱ्याचे खरे हत्यार हेच.

स्वच्छ पाणी हिरवा प्रकाश थोडाफार परत पाठवते, पण अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा गिळते. हिरवे पीक नेमके उलटे वागते. पानांच्या आतली रचना अवरक्त प्रकाश जोराने परत फेकते. समजा, पाण्यावरून १०० पैकी ८ भाग हिरवा आणि २ भाग अवरक्त प्रकाश परत आला. उसाच्या फडावरून ८ भाग हिरवा आणि ४० भाग अवरक्त आला. आता हिरव्यातून अवरक्त वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचे. पाण्यासाठी ६ भागिले १०, म्हणजे ०.६ येतात. उसासाठी उणे ३२ भागिले ४८, म्हणजे उणे ०.६७. शून्याच्या वर असेल ते पाणी, खाली असेल ती जमीन. ही सोपी युक्ती १९९६ साली मांडली गेली आणि आजही जगभर वापरली जाते.

पण पाणी स्वच्छ असले तरच ही युक्ती चोख चालते. जलपर्णीने झाकलेला तलाव उपग्रहाला हिरवेगार शेत वाटतो. सोलापूर शहरातल्या कंबर तलावासारख्या, म्हणजे धर्मवीर संभाजी तलावासारख्या ठिकाणी जलपर्णी माजली असताना चित्र घेतले तर तलाव आहे त्यापेक्षा लहान दिसेल. पुणे-पिंपरीकडचे सांडपाणी भीमेतून उजनीत येते. त्यामुळे उन्हाळ्यात पाण्यावर हिरवे शेवाळ चढते आणि मोजमाप पुन्हा डळमळते. उलट, नुकतीच भिजलेली काळी जमीन इतकी गडद दिसते की कधी कधी तीच पाणी म्हणून नोंदली जाते. म्हणूनच संगणकाने काढलेल्या रेघेवर अनुभवी माणसाची नजर फिरावी लागते.

पावसाळ्यात तर कॅमेऱ्याला ढगच दिसतात. तिथे रडार कामी येते. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात. शांत पाण्यावर पडल्या की तिरक्या पलीकडे निघून जातात, उपग्रहाकडे परतत नाहीत, त्यामुळे पाणी काळेभोर दिसते. ३० जुलै २०२५ रोजी अवकाशात गेलेल्या इस्रो आणि नासाच्या 'निसार' उपग्रहातले एक रडार सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरते. एवढ्या लांब लहरी झाडोऱ्यातून खाली उतरतात, त्यामुळे झुडपांखालचे पाणीही पकडता येण्याची शक्यता वाढली आहे.

साडेपाच गुंठ्यांचा चौकोन

उपग्रहाचे चित्र लहान लहान चौकोनांचे बनलेले असते. देशाच्या पाणथळ नकाशासंग्रहासाठी वापरलेल्या कॅमेऱ्याचा एक चौकोन २३.५ मीटर बाजूचा होता, म्हणजे साधारण साडेपाच गुंठे. या साडेपाच गुंठ्यांत काय काय आहे ते उपग्रहाला वेगवेगळे दिसत नाही. निम्मे पाणी आणि निम्मी बाभळीची झुडपे असतील तर त्याला दोन्हींचा मिळून एकच आकडा मिळतो. काठावरचे चौकोन बहुतेक असे मिश्र असतात. मोठ्या जलाशयात हे खपून जाते, पण लहान गावतळ्याचे अर्धेअधिक चौकोन काठावरचेच असतात.

दुसरी मर्यादा कागदाची. ५० हजारात एक या प्रमाणाच्या नकाशावर तीन मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे दीडशे मीटर. त्याहून लहान आकृती नीट काढता येत नाही. दीडशे मीटर लांब आणि तेवढेच रुंद म्हणजे २.२५ हेक्टर, आपल्या मापात साडेपाच एकर. म्हणून या नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरांहून मोठ्या पाणथळींचा आकार काढलेला आहे आणि लहानांसाठी नुसता ठिपका दिलेला आहे. कायदेशीर चर्चेत वारंवार येणारा हा २.२५चा आकडा निसर्गातून आलेला नाही. तो नकाशाच्या प्रमाणातून आलेला आहे.

हे कळले की मोठमोठे आकडे वेगळे दिसू लागतात. १९९२-९३च्या चित्रांवरून केलेल्या देशाच्या पहिल्या यादीत २७,४०३ पाणथळी होत्या. २००६-०७च्या चित्रांवरून केलेल्या यादीत २.२५ हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ भरल्या. पंधरा वर्षांत पाणथळी सातपट झाल्या का? अर्थातच नाही. पहिली यादी अडीच लाखात एक या प्रमाणावर होती आणि तिच्यात तीन मिलिमीटर बाजूचा चौकोन म्हणजे ५६.२५ हेक्टर भरत. लहान तळी तेव्हाही होती, फक्त त्या जाळीतून गळून गेली होती. पुढे २०१७-१८च्या चित्रांवरून केलेल्या यादीत आकडा २,३१,१९५वर गेला. यातली किती वाढ नव्या बंधाऱ्यांची आणि किती चांगल्या पावसाची, हे एकेक जागा तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

महाराष्ट्राचा २००६-०७च्या यादीतला आकडा ४४,७१४ आहे. त्यातल्या २१,६६८ पाणथळी २.२५ हेक्टरांहून लहान आहेत. जवळजवळ निम्मा महाराष्ट्र त्या यादीत ठिपक्यांच्या रूपाने आहे.

एक गुंठा, बारा महिने

आता चौकोन लहान झाले आहेत. युरोपच्या 'सेंटिनेल-२' उपग्रहांचा चौकोन दहा मीटरांचा, म्हणजे जवळपास नेमका एक गुंठा, आणि त्यांची फेरी साधारण पाच दिवसांनी होते. करमाळा तालुक्यात केत्तूरच्या बाजूला उजनीच्या काठावरचा एक गुंठा मनाशी धरू आणि त्याच्यावर वर्षभर नजर ठेवू.

सप्टेंबर: धरण भरले आहे, गुंठा मीटरभर पाण्याखाली. चौकोन निळा. डिसेंबर-जानेवारी: कालवे सुटले, पाणी उतरले, गुंठ्यावर वीतभर पाणी आणि खाली मऊ गाळ. उपग्रहाला गाळाची झाक दिसते, निकाल डळमळीत. फेब्रुवारी: पाणी आणखी मागे गेले, गाळावर भेगा पडायच्या आत पेरणी झाली. मार्च: हिरवे पीक. उपग्रह ठामपणे म्हणतो, शेत. मे: पीक निघाले, गुरे चरतात, जमीन कोरडी. उपग्रह म्हणतो, पडीक. ऑगस्टअखेर पुन्हा निळा.

हा एकच गुंठा एकाच वर्षात पाणी, चिखल, शेत आणि पडीक अशा चारही रकान्यांत जाऊन आला. मग नोंद कशाची करायची? नकाशासंग्रह करणाऱ्यांनी यावर काढलेला मार्ग असा की पावसाळ्यानंतरचे एक आणि उन्हाळ्यातले एक अशी दोन चित्रे घ्यायची. पावसाळ्यानंतरच्या चित्रातून पूर्ण पसारा मिळतो, उन्हाळ्यातल्या चित्रातून टिकणारे पाणी. दोहोंमधला फरक म्हणजे सरकती कड.

पण वर्ष कोणते निवडले, यावरही बरेच अवलंबून असते. २००६मध्ये भीमेला महापूर आला होता आणि उजनी तुडुंब होती. त्याच्या तीनच वर्षे आधी, २००३-०४मध्ये, सोलापूर जिल्हा भीषण दुष्काळात होरपळत होता. त्या साली चित्रे घेतली असती तर जिल्ह्यातल्या कितीतरी तलावांची नोंद कोरडी जमीन म्हणून झाली असती.

याहून चांगला मार्ग म्हणजे रेघेऐवजी वारंवारता नोंदवणे. युरोपीय संशोधकांनी २०१६ साली १९८४पासूनची सुमारे तीस लाख उपग्रहचित्रे चाळून जगातल्या प्रत्येक चौकोनासाठी एक आकडा काढला: पाहिले तेव्हा किती टक्के वेळा इथे पाणी होते? अशा नकाशात खोल पाणी ९०-१०० टक्क्यांत येते आणि गाळपेरीची पट्टी मधल्या आकड्यांत. केत्तूरचा तो गुंठा पाणी की जमीन हा वाद मिटतो. तो वर्षातले काही महिने पाणी असतो, एवढी खरी गोष्ट नोंदली जाते.

कोकणात रोज दोनदा

समुद्रकाठी हाच खेळ वेगाने चालतो. सोलापुरात कड वर्षातून एकदा पुढे-मागे होते, ठाण्याच्या खाडीत ती रोज दोनदा होते. भारतावरून जाणारे असे बहुतेक उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास ठरलेल्या वेळी येतात, भरती मात्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते. त्यामुळे एका चित्रात भरती असते तर पुढच्या फेरीच्या चित्रात ओहोटी. त्यात उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि भांग, म्हणजे लहान भरती, यांचा फरक. मुंबईला उधाणाच्या भरतीचे पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते. ओहोटीच्या चित्रात चिखलाचे विस्तीर्ण पट्टे दिसतात, भरतीच्या चित्रात त्यांचा मागमूस नसतो. म्हणून किनाऱ्याचे नकाशे करताना प्रत्येक चित्रासोबत त्या वेळची भरती किती होती, हे भरतीच्या कोष्टकावरून जुळवून घ्यावे लागते.

ही नुसती अभ्यासकांची काटेकोरपणाची हौस नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या मर्यादा उच्चतम भरतीरेषेपासून मोजतात. कांदळवन, चिखलपट्टे, मिठागरे, खाजण यांपैकी कशाला किती संरक्षण, बांधकाम कुठवर, जेटी कुठे, हे सारे त्या रेघेवर ठरते. आणि रेघ खोटी पाडणे अवघड नसते. खाडीतून आत येणारी पाण्याची वाट बुजली की वर्ष-दोन वर्षांत आतली पाणथळ कोरडी दिसू लागते. नंतरचे चित्र पाहणारा म्हणतो, इथे पाणी कुठे आहे? जुने नकाशे जपून ठेवले असतील तरच त्याला उत्तर देता येते.

यादीत आहे, नियमात नाही

सोलापुरात एक वेगळाच पेच आहे. जिल्ह्यात नैसर्गिक तलाव नावालाच. इथला पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे पाणी अडवण्याची परंपरा जुनी. सिद्धेश्वर तलावाचे नाते लोक बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी जोडतात. अदिला नदीवरचा हिप्परग्याचा एकरूख तलाव इंग्रजी अमदानीत १८७१ साली पुरा झाला. करमाळ्याचा मांगी, सांगोल्याचा बुद्धेहाळ, मोहोळचा आष्टी, अक्कलकोटचे कुरनूर धरण आणि १९८०मध्ये पूर्ण झालेले उजनी, ही सारी माणसाच्या हातची कामे.

'रामसर करार' हा पाणथळींसाठीचा जागतिक करार १९७१चा, भारत त्यात १९८२मध्ये सामील झाला. पाणथळ नैसर्गिक की मानवनिर्मित, असा भेद त्याच्या व्याख्येत नाही. म्हणूनच गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेले नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र होऊ शकले. इस्रोच्या नकाशासंग्रहातही जलाशय आणि तलाव हे स्वतंत्र वर्ग आहेत. केंद्राच्या २०१७च्या पाणथळ नियमांनी मात्र पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मीठ पिकवण्यासाठी किंवा करमणुकीसाठी खास बांधलेले जलसाठे व्याख्येतून वगळले. नदीपात्रे आणि भातखाचरेही वगळली. ही चाळणी लावली तर सोलापूरच्या यादीतून जवळजवळ सगळेच गळते.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७मध्ये नकाशासंग्रहातल्या २,०१,५०३ पाणथळींना जुन्या नियमांतल्या तत्त्वांप्रमाणे संरक्षण देण्यास सांगितले. डिसेंबर २०२४मध्ये राज्यांना प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी आणि हद्दनिश्चिती पुरी करण्यास सांगितले. म्हणजे नकाशासंग्रह हा आता अभ्यासकांच्या कपाटातला ग्रंथ राहिलेला नाही. एखादी जागा त्यात आहे की नाही, यावर तिचे भवितव्य ठरू शकते. त्यामुळे पडताळणी करणाऱ्याला दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात: इथे पाणथळ आहे का? आणि ती नियमाच्या व्याख्येत बसते का? पहिल्याचे उत्तर निसर्ग देतो, दुसऱ्याचे कागद. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले म्हणून पहिल्याची नोंद पुसून टाकणे हा यादीतला सगळ्यात महाग पडणारा दोष आहे. कारण नियम उद्या बदलू शकतो, पण न झालेली नोंद मागच्या तारखेने करता येत नाही.

उलट्या बाजूची चूकही होते. सांगोला-पंढरपूरच्या डाळिंब-द्राक्षांच्या पट्ट्यात शेततळ्यांची गर्दी आहे. तीस मीटर लांब-रुंद शेततळे म्हणजे नऊ गुंठे. दहा मीटरांच्या चौकोनात ते ठळक निळे उमटते. पण तळाला प्लास्टिकचा कागद असतो. गाळ नाही, पाणवनस्पती नाही, पाणी जमिनीत मुरत नाही. ते पाणी आहे, पाणथळ नाही. हे उपग्रहाला कळत नाही, बांधावर उभ्या माणसाला क्षणात कळते.

जागेवर काय पाहतात?

म्हणून शेवटची पायरी नेहमी पायी असते. हातात जीपीएस, मोबाइलवर उपग्रहाची रेघ आणि सोबत गावनकाशा. माती बघायची: राखाडी, गंजलेल्या तांबूस ठिपक्यांची माती दीर्घकाळ पाण्याखाली राहिल्याचे सांगते. वनस्पती बघायच्या: पाणकणीस, लव्हाळा असेल तर आज कोरडे दिसले तरी इथे पाणी थांबते. मग गट नंबर. उपग्रहाची रेघ सातबारा ओळखत नाही आणि मोजणी खात्याचा नकाशा पाण्याची पातळी ओळखत नाही. दोन्ही एकमेकांवर बसवल्याशिवाय तलाठ्याला कुणाला काय सांगायचे, ते कळत नाही.

आणि विचारपूस. जाळे कुठवर टाकता, मेंढरे कुठे पाण्यावर नेता, कोणत्या साली पाणी कोणत्या बांधाला लागले होते, याची उत्तरे काठावरच्या माणसांकडे असतात. उपग्रहांची चित्रे गेल्या चार-पाच दशकांची आहेत. त्याआधीचे फक्त जुने नकाशे आणि जुनी माणसे सांगू शकतात.

ही सगळी मेहनत एकदा करून भागत नाही. नियमांनुसार यादी दर दहा वर्षांनी अद्ययावत करायची आहे. दहा वर्षांत सोलापूर निदान दोन दुष्काळ आणि एखादा महापूर पाहते. मोठ्या यादीला दहा वर्षे ठीक, पण शहरालगतच्या तलावांची आणि उजनीच्या कडेची नोंद दरवर्षी, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात, व्हायला हवी. चित्रे फुकट मिळतात, गणित शाळेतल्या भागाकाराचे आहे आणि सोलापुरात विद्यापीठही आहे. पाणथळींच्या यादीतली सगळ्यात मोलाची गोष्ट क्षेत्रफळ नसून तारीख आहे. तारखांची माळ लागली की मग काठ कुठे होता, कधी सरकला आणि पाण्याने सरकवला की माणसाने, हे तिन्ही सांगता येते.

चौकट : पाणथळीचा नकाशा हाती आला तर काय पाहाल?

• चित्र कोणत्या महिन्याचे आणि कोणत्या सालचे आहे? ते साल दुष्काळाचे होते की पुराचे?
• एक चौकोन किती मोठा आहे? साडेपाच गुंठ्यांचा असेल तर लहान तळ्याचे क्षेत्रफळ अंदाजाचे समजा.
• किनाऱ्याचा नकाशा असेल तर त्या वेळी भरती होती की ओहोटी?
• जलपर्णी, शेवाळ, शेततळी यांची जागेवर पडताळणी झाली आहे का?
• 'पाणथळ नाही' असे लिहिले असेल तर ते जागा पाहून लिहिले आहे की व्याख्या पाहून?